शिरस्त्राणावरचे नाव

पिंपळगाव बसवंतच्या आकाशात लढाऊ विमानाचा आवाज ही नवलाची बाब राहिलेली नाही. मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघाले की थोड्याच अंतरावर ओझर लागते. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली आला. तेथे आधी मिग जातीची विमाने तयार झाली आणि पुढे सुखोई-३०. द्राक्षबागेत छाटणी करणारा मजूर त्या आवाजाने मान वर करीत नाही, बाजार समितीत टोमॅटोची बोली थांबत नाही. मिस्सात प्रवचन करणाऱ्याला मात्र क्षणभर थांबावे लागते, आणि त्या क्षणात मुलांचे डोळे कोठे जातात हे वेदीवरून स्पष्ट दिसते. अशा गावातील मुलांना वैमानिकांच्या चित्रपटांची ओढ लागली तर आश्चर्य ते काय?

काही महिन्यांपूर्वी एक तरुण रविवारच्या मिस्साला आला, तेव्हा त्याच्या हातात मोटारसायकलचे हेल्मेट होते. हेल्मेट साधे नव्हते. दोन्ही बाजूंना रंगीत पट्टे ओढलेले आणि कपाळावर ठळक अक्षरांत 'मॅव्हरिक' असे नाव. मिस्सा संपल्यावर त्याची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, आधी सांगून सांगून थकले तरी हा डोक्यात हेल्मेट घालत नव्हता. आता रंगवल्यापासून डोक्यावरून काढत नाही. याला चांगलं म्हणू की वाईट?" हे कोठून आले असे विचारता एका चित्रपटाचे नाव कळले. तो पाहून उत्तर देतो, असे आम्ही त्या माउलीला सांगितले. प्रस्तुत लेख हे ते उत्तर होय. थोडे उशिरा आले आहे आणि थोडे लांबलेही आहे.

चित्रपट म्हणजे 'टॉप गन'. टोनी स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग १९८६ साली आला आणि जोसेफ कोसिन्स्की यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा भाग, 'टॉप गन : मॅव्हरिक', २०२२ साली. अमेरिकी नौदलाने १९६९ साली कॅलिफोर्नियातील मिरामार येथे निवडक जेट वैमानिकांसाठी एक शाळा काढली. पहिल्या चित्रपटाची कथा त्या शाळेत घडते. टॉम क्रूझ हा पीट मिचेल या वैमानिकाची भूमिका करतो. त्याला सहकारी हाक मारतात ती मॅव्हरिक या नावाने. त्याच्या मागच्या आसनावर बसणारा जिवलग मित्र म्हणजे गूस, आणि प्रतिस्पर्धी आइसमन, ही भूमिका व्हॅल किल्मर यांची. या सर्वांची शिरस्त्राणे निरनिराळ्या रंगांत रंगविलेली आहेत आणि ज्याचे त्याचे हाकेचे नाव त्यावर लिहिलेले आहे.

ही रंगरंगोटी केवळ हौस नाही, ती दिग्दर्शकाची गरज आहे. नटाचे भांडवल म्हणजे त्याचा चेहरा. जेट विमानात बसलेल्या माणसाचे नाक आणि तोंड प्राणवायूच्या मुखवट्याने झाकले जाते, डोळ्यांवर काळी काच उतरते, आणि उरते ते फक्त डोके. चार विमाने एकमेकांच्या मागे लागलेली असताना कोण कोणाला वाचवितो आहे आणि कोण कोणाला सोडून जातो आहे, हे प्रेक्षकाला कळावे कसे? म्हणून शिरस्त्राणालाच चेहरा करावा लागतो. ही युक्ती जुनीच आहे. युरोपातील मध्ययुगीन सरदार लोखंडी टोपाने तोंड झाकून घेत, तेव्हा ढालीवरच्या चित्रावरून त्यांची ओळख पटे. आपल्याकडे अर्जुनाच्या रथावरील ध्वजावर मारुती होता, तोही दुरून ओळख पटावी म्हणूनच. आपल्या मराठीत यासाठी 'टोपणनाव' हा किती नेमका शब्द आहे! टोपण म्हणजे झाकण. चेहरा झाकला गेला की झाकणावरचे नाव तेवढे वाचता येते.

या दृष्टीने पाहता दोन्ही चित्रपटांतील शिरस्त्राणांनी आपले काम चोख केले आहे. आकाशातील अत्यंत वेगवान प्रसंगांतही प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. दुसऱ्या भागात गूसचा मुलगा मोठा होऊन वैमानिक झालेला दिसतो आणि त्याचे हाकेचे नाव असते रूस्टर, म्हणजे कोंबडा. बापाचे नाव हंसाच्या कुळातील पक्ष्याचे, मुलाचे कोंबड्याचे. मॅव्हरिकच्या मनात मित्राच्या मृत्यूची टोचणी आहे, आणि त्याच्यासमोर वावरतो तो कोंबड्याचे नाव धारण केलेला मित्राचा मुलगा. संत पेत्राची गोष्ट जाणणाऱ्या ख्रिस्ती प्रेक्षकाला या नावाकडे पाहून जे आठवेल, ते दिग्दर्शकाच्या मनात होते की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. दोन तासांच्या कथेतील सगळे नाते त्या एका रंगविलेल्या शब्दात मावते, हे मान्य केले पाहिजे.

'मॅव्हरिक' या नावाचीही एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात टेक्सासमध्ये सॅम्युअल मॅव्हरिक नावाचे एक गृहस्थ होते. ते आपल्या जनावरांना डाग देत नसत. त्यावरून डाग नसलेल्या, कळपाबाहेर भटकणाऱ्या वासराला तिकडे मॅव्हरिक म्हणू लागले, आणि पुढे कोणाचे न ऐकणाऱ्या माणसालाही. आपल्याकडे ज्यांनी गुरांना डाग देताना पाहिले आहे, त्यांना यातील विसंगती चटकन उमगेल. कोणाचाही डाग नसलेला म्हणून ज्याचे नाव, तेच नाव ठळक अक्षरांत कपाळावर रंगवून घ्यायचे! आमच्या तरुणाने ते नाव जसेच्या तसे उचलले, तेव्हा तो कळपाबाहेर पडला नाही, जगभरच्या एका फार मोठ्या कळपात सामील झाला. हे त्याला सांगितले तेव्हा तो हसला. त्याला ते पटले असावे.

प्रत्यक्षातील नौदल वैमानिकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हाकेचे नाव तो स्वतः निवडीत नाही, सहकारी ते त्याच्यावर लादतात. बहुधा एखाद्या फजितीवरून किंवा आडनावाच्या कोटीवरून ते पडते, आणि त्यात गौरवापेक्षा थट्टा अधिक असते. शिरस्त्राणावरील रंगालाही प्रत्यक्षात गंभीर कारण आहे. समुद्रात पडलेल्या माणसाचे पाण्यावर दिसते ते मुख्यतः डोके. म्हणून अमेरिकी नौदलाच्या शिरस्त्राणांवर प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या चिकटविलेल्या असतात. रात्री शोध घेणाऱ्याच्या दिव्याचा झोत त्यावर पडला की त्या चमकतात. तुकडीची रंगीत नक्षी बहुधा याच पट्ट्यांची असते. उलट, व्हिएतनामच्या युद्धात शत्रूच्या भूमीवर उतरावे लागले तर दिसू नये म्हणून काही वैमानिकांची शिरस्त्राणे झाडीच्या रंगांत रंगविलेली होती. म्हणजे डोक्यावरचा रंग हा मूळचा मिरविण्यासाठी नाही. मी पडलो तर मला कोणी शोधावे आणि कोणी शोधू नये, यासाठी तो आहे.

चित्रपट हे विसरतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या भागात सरावाच्या वेळी मॅव्हरिकचे विमान आडव्या गिरक्या घेत समुद्राकडे कोसळते. दोघेही आसनासह बाहेर फेकले जातात, पण विमानाचे सुटलेले काचेचे छत वरच तरंगत असते आणि गूसचे डोके त्यावर आदळते. सुंदर रंगविलेले शिरस्त्राण त्याला वाचवू शकत नाही. या गिरक्यांचे चित्रण करीत असताना, सप्टेंबर १९८५ मध्ये, आर्ट शॉल हे कसबी वैमानिक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून खरोखरच मृत्यू पावले. चित्रपट त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. पडद्यावरची ती गिरकी पाहताना हे माहीत असावे. लाटांवर मॅव्हरिक मित्राचा देह घट्ट धरून राहतो आणि सुटकेला आलेल्या जवानाला त्याला तो सोडून द्या म्हणून विनवावे लागते, तेव्हा त्या रंगीत शिरस्त्राणांकडे पाहवत नाही. आमच्या मते हा चित्रपटातील सर्वांत सच्चा प्रसंग होय.

मग आमची तक्रार कोठे आहे? ती आम्हाला आमच्या एका धर्मशिक्षण वर्गातील मुलीने दाखवून दिली. त्या तरुणाच्या आग्रहावरून काही मुलांनी एकत्र बसून पहिला भाग पाहिला, आम्हीही बसलो. अखेरची चकमक सुरू झाली. शत्रूची विमाने फुटू लागली, मुलगे टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलीने विचारले, "फादर, समोरच्या विमानातल्या माणसाचं नाव काय?"

नाव नव्हते. शत्रूच्या वैमानिकाचे शिरस्त्राण काळे आहे, काच काळी आहे, आणि त्या काचेमागे डोळे दिसत नाहीत. त्याचे विमान 'मिग-२८' आहे असे सांगितले जाते. अशा नावाचे विमान जगात कोठेही नव्हते, अमेरिकेचीच एफ-५ जातीची विमाने काळी रंगवून ती भूमिका वठविली गेली. ओझरच्या परिसरात मिग म्हणजे काय हे पोराटोरांना ठाऊक आहे, त्यामुळे येथे हसूही आले. छत्तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या भागात तंत्र पुष्कळ सुधारले, पण ही गोष्ट बदलली नाही. शत्रूच्या देशाला तेथेही नाव नाही, त्याच्या वैमानिकाचे शिरस्त्राण तेथेही काळे आणि निनावी आहे.

आमच्या मते या चित्रपटांचा नैतिक प्रश्न येथे आहे. शिव्या, मद्य, प्रेमप्रसंग यांविषयी पालक आम्हाला विचारतात, आणि ते योग्यच आहे. परंतु रंगाच्या डब्याने केलेले हे काम कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या माणसांना नाव, रंग, पक्षी, तारा सगळे काही दिले जाते, आणि समोरच्याचे नाव पुसले जाते. मॅव्हरिकचा मित्र मेला तर दोन चित्रपट त्याचा शोक पुरतो. काळ्या काचेमागचा माणूस मेला तर टाळी पडते. त्याच्याही मागे आई असेल, त्याचाही मुलगा मोठा होऊन बापाच्या वाटेने जाईल, हा विचार मनात येऊ नये एवढ्यासाठीच त्याचे डोळे झाकले आहेत. ज्या युक्तीने एकाला चेहरा मिळतो, त्याच युक्तीने दुसऱ्याचा हिरावून घेतला जातो.

युद्धपटाला दुसरा मार्ग नसतो काय? असतो. १९५४ साली मार्क रॉबसन यांनी जेम्स मिचनर यांच्या कादंबरीवरून 'द ब्रिजेस अ‍ॅट टोको-री' हा चित्रपट काढला. विषय कोरियाचे युद्ध, नायक पुन्हा नौदलाचा जेट वैमानिक. विल्यम होल्डन यांनी रंगविलेला हॅरी ब्रूबेकर हा मूळचा वकील आहे. बायको आणि दोन मुली सोडून त्याला युद्धावर यावे लागले आहे आणि आपणच का, असे त्याला मनापासून वाटते. ग्रेस केली त्याच्या पत्नीच्या भूमिकेत आहेत. या चित्रपटात लक्षात राहते ते मात्र वैमानिकाचे शिरस्त्राण नव्हे, तर माइक फॉर्नी या हेलिकॉप्टर चालकाची हिरवी उंच टोपी. मिकी रूनी यांनी ही भूमिका केली आहे. फॉर्नीचे काम समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणण्याचे. हिरवी टोपी आणि हिरवा गळपट्टा हे शिस्तीत बसत नाही, वरिष्ठांना ते खपत नाही. पण गोठविणाऱ्या पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसाला वर हिरवी टोपी दिसली की आपला माणूस आला, हे त्याला कळते.

वाचकांच्या ध्यानात येईल की येथेही डोक्यावरचा रंगच बोलतो आहे. पण त्याची दिशा बदललेली आहे. मॅव्हरिकचे शिरस्त्राण मी कोण आहे ते सांगते, आणि फॉर्नीची टोपी बुडणाऱ्याला तू एकटा नाहीस असे सांगते. 'टॉप गन'मध्ये पाण्यात उतरणाऱ्या जवानाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. 'टोको-री'मध्ये त्यालाच सर्वांत ठसठशीत ओळख दिलेली आहे. चित्रपटाचा शेवट दुःखद आहे. ब्रूबेकरला सोडविण्यासाठी फॉर्नी आणि त्याचा सहकारी शत्रूच्या भूमीवर उतरतात आणि तिघेही तेथील एका चरात मारले जातात. विजयाची आरोळी नाही. अशी माणसे येतात तरी कोठून, या विचारात पडलेला एक वृद्ध नौसेनानी तेवढा उरतो. शत्रूला पुरता चेहरा हाही चित्रपट देत नाही, हे खरे. पण मृत्यूला टाळी मिळू नये, एवढी काळजी तो घेतो.

आपल्या भारतीय चित्रपटांत १९८२ चा 'विजेता' आठवतो. गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन, शशी कपूर यांची निर्मिती आणि पटकथा आपले मराठी कवी दिलीप चित्रे यांची. तो नौदलाचा नाही, हवाई दलाचा आहे. पंजाबी बाप आणि मराठी आई यांच्या ताणात वाढलेला मुलगा मिग-२१ चा वैमानिक कसा होतो, याची ती कथा. त्यात घर आहे, प्रबोधिनी आहे, भय आहे, अपयशही आहे. मुलगा विमानात बसतो तोवर आपण त्याला इतके ओळखू लागलेलो असतो की त्याच्या डोक्यावर काय रंगविले आहे, याची आठवणही राहत नाही. व्यक्तिरेखा घडविण्याचे काम पटकथेने केले की ते रंगाऱ्यावर सोपवावे लागत नाही.

पवित्र शास्त्रात शिरस्त्राणाचे प्रसंग थोडेच आहेत, पण बोलके आहेत. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात गल्याथाच्या डोक्यावर पितळी टोप आहे. शौल राजा तसाच पितळी टोप दावीदाच्या डोक्यावर ठेवतो आणि दावीद तो उतरवून ठेवतो. त्याला त्याची सवय नाही, आणि दुसऱ्याच्या टोपाखाली लढणे त्याला जमणार नाही. पुढे संत पौल इफिसकरांस लिहिताना तारणाच्या शिरस्त्राणाचा उल्लेख करतात. ते स्वतः तेव्हा बंदिवासात होते, रोमी सैनिकांची शिरस्त्राणे त्यांच्या नित्य परिचयाची होती. त्यांनी सुचविलेले शिरस्त्राण देणगी म्हणून मिळते, आणि ते समोरच्या माणसाविरुद्ध नाही. माणूस हा आपला शत्रूच नव्हे, हे त्याच उताऱ्यात त्यांनी आधी स्पष्ट केले आहे. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाचे नाव विचारले जाते, पाणी ओतले जाते आणि मस्तकावर ख्रिस्मतेलाचा अभिषेक होतो. आपल्या डोक्यावरची ही पहिली खूण. ती डोळ्यांना दिसत नाही आणि पुसलीही जात नाही.

यावरून आम्ही सैनिकाला कमी लेखतो, असा अर्थ कोणी काढू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात देशाच्या रक्षणाची सेवा यथायोग्य करणाऱ्या सैनिकाला शांततेचा सेवक मानले आहे. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० साली लोरेटोच्या पवित्र मातेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आकाशात जाणाऱ्यांसाठी प्रार्थना करणे ही आपली परंपरा आहे, आणि ओझरच्या शेजारी राहणाऱ्यांना तर तिची आठवण फार दूरची वाटू नये.

कारण येथे आकाशातून माणसे खरोखर उतरली आहेत. २७ जून २०१८ रोजी चाचणी उड्डाणावरील सुखोई विमान आमच्या पिंपळगावाजवळ वावी-ठुशी शिवारात कोसळले. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातच शिरसगावाजवळ आणखी एक सुखोई कोसळले. दोन्ही वेळी दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने बाहेर पडले आणि बचावले. सर्वांचेच दैव असे नसते. जुन्या गोव्याच्या यात्रेसाठी दाबोळीला उतरणाऱ्या आपल्या भाविकांना तेथील नौदलाचा 'हंसा' तळ परिचित आहे. आपल्या नौदलाचे मिग-२९ के विमान २६ नोव्हेंबर २०२० रोजी अरबी समुद्रात कोसळले. एका वैमानिकाला वाचविता आले. दुसऱ्याचा देह समुद्राने अकरा दिवसांनी परत दिला. त्या अकरा दिवसांत शोध घेणाऱ्यांच्या नजरा पाण्यावर कशासाठी फिरत असतील, याचा विचार करावा. असा माणूस आपल्या शेतात उतरला तर आपण धावत जातो, मुखवटा दूर करतो, पाणी देतो. शिरस्त्राणावर काय लिहिले आहे, हे वाचायला कोणी थांबत नाही.

तेव्हा त्या माउलीला आमचे उत्तर असे. चित्रपट मुलाला पाहू द्यावा, शक्य तर त्याच्या शेजारी बसून पाहावा. विमानांचे उड्डाण पाहण्याजोगे आहे, मित्राचा शोक खरा आहे. शेवटी मात्र त्या मुलीचा प्रश्न विचारावा, समोरच्याचे नाव काय? उत्तर मिळणार नाही, पण प्रश्न मुलाच्या मनात राहील. जमल्यास नंतर 'टोको-री' दाखवावा. तो जुना आहे, संथ आहे, मुले कुरकुरतील. हेल्मेटचे म्हणाल तर महामार्गावर डोके वाचविणारे नाव कोणतेही असो, आम्ही ते खोडणार नाही.

त्या तरुणाशी आम्ही फॉर्नीच्या टोपीविषयी बोललो होतो. तो काही बोलला नाही. मागच्या रविवारी हेल्मेट पुन्हा बाकावर होते. पुढचे 'मॅव्हरिक' तसेच आहे, नवा रंगही दिलेला दिसतो. मागच्या बाजूला, खाली, पांढऱ्या रंगात त्याने आपला रक्तगट आणि आईचा फोन क्रमांक लिहिला आहे.